खुराड्यातला उजेड

बिजाया, ७ नोव्हेंबर १९७४

बेलाईद भाऊजी,

सलाम. आज गुरुवार. बस आली, ड्रायव्हरने हात हलवले आणि म्हणाला, "आजही काही नाही, खाला." माझ्या बहिणीच्या, जुहेरच्या, चाळिसाव्याला दोन आठवडे होत आले. त्याच्या आधीही टोपली आली नव्हती, पण दुःखाच्या घरातून अंडी मागू नयेत म्हणून मी गप्प बसले.

आता विचारते. वीस वर्षं जुहेरची टोपली दर गुरुवारी आली. कोंड्यात पुरलेली बारा अंडी, कधी दहा. डिसेंबरात, जानेवारीत, जुर्जुराच्या डोंगरावर बर्फ असतानासुद्धा. इथे बाजारात थंडीत अंडं दिसत नाही, आणि शेजारणी मला म्हणायच्या, "शाबहा, तुझ्या बहिणीच्या कोंबड्यांना कॅलेंडर समजत नाही वाटतं." तुम्हीच तर सगळ्यांना सांगत होतात, खुराडं मी दक्षिणेला तोंड करून बांधलंय, म्हणून.

खुराडं तेच. कोंबड्या त्याच. तोंडही दक्षिणेलाच असेल. मग अंडी खातंय कोण?

अंड्यांवाचून माझं अडत नाही हो, मी काही उपाशी नाही. पण त्या टोपलीवर तिचा हात फिरलेला असायचा. तुम्हाला कळेल म्हणून लिहिलं.

शाबहा

*

आइत वझरू, १५ नोव्हेंबर

शाबहाताई,

सलाम. पत्र मिळालं. माझी तब्येत बरी आहे.

अंडी कोणी खात नाही, असं मला पंधरा दिवसांपूर्वी वाटत होतं. कोंबड्या अकरा आहेत. दिवसाला एक अंडं मिळतं, कधी तेही नाही. काहींची पिसं झडली आहेत, मानेवर लाल कातडी दिसते. मला कोंबड्यांमधलं कळत नाही. तीस वर्षं मी टपाल कचेरीत बसलो, आणि घरी आलो की अंडं ताटात असायचं.

खुराडं आता सून बघते. मल्हाला तुम्ही चाळिसाव्याला पाहिलंत. तिझी वझूची, शहरातली मुलगी. लुनिस हस्सी मसऊदला तेलविहिरींवर गेला की आम्ही दोघंच घरात असतो आणि फारसं बोलत नाही. जुहेर असताना त्या दोघी बोलायच्या, मी ऐकायचो.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. रॉकेलचा डबा लवकर रिकामा होतो आहे. घरात दिवा एकच लागतो आणि मी लवकर झोपतो. गेल्या सोमवारी मी डब्याला आतून पेन्सिलीची रेघ मारली. आज तेल रेघेच्या चार बोटं खाली आहे.

तेलाचा आणि अंड्यांचा संबंध नसेल. पण एका घरातून दोन वस्तू जात असतील तर हात एकच असतो, असं कचेरीत आम्ही म्हणायचो.

कोंबड्यांसाठी काही करता येत असेल तर सांगा.

बेलाईद

*

बिजाया, २४ नोव्हेंबर

बेलाईद भाऊजी,

पिसं झडणं हे दरवर्षीचं, त्याला घाबरू नका. जुन्या कोंबडीला नवा सदरा शिवायचा असतो, तोपर्यंत ती अंडं देत नाही. तिला सकाळी जव गरम पाण्यात भिजवून द्या. प्यायला कोमट पाणी. अंड्याची टरफलं भाजून, कुटून जवात मिसळा, पण ओळखू येतील अशी टाकू नका, नाहीतर स्वतःचीच अंडी फोडायला शिकतील. उत्तरेची फट चिंध्यांनी बुजवा, पण वरची खिडकी उघडी ठेवा, घुसमट झाली तर खोकतात.

आणखी एक गोष्ट आहे. सगळ्यात मोठी तीच. पण ती जुहेरने मला शपथ घालून सांगितली होती, तुम्हाला कळू द्यायची नाही म्हणून. मेलेल्या माणसाची शपथ मी मोडणार नाही. आणि सांगून उपयोगही नाही, ते करायला जुहेरच हवी. तुमच्या शहरातल्या सुनेच्याने ते होणार नाही. माझ्याकडे आली होती तेव्हा कोंबडा अंगावर आला म्हणून पलंगावर चढली होती.

रॉकेलचं वाचून मला बरं वाटलं नाही. ती खुराड्यातून येताना शालीखाली काय असतं ते बघा. नुसतं बघा, बोलू नका. बोललात तर सावध होईल.

शाबहा

*

आइत वझरू, ६ डिसेंबर

शाबहाताई,

जव भिजवून दिले. फट बुजवली. अंडी दिवसाला दोन.

तुम्ही सांगितलं तसं बघितलं. उजव्या कानाने मला ऐकू येत नाही, आणि झोपतो मी डाव्या कुशीवर, त्यामुळे पहाटेचं काही कळत नाही. म्हणून तीन दिवस मी फजरच्या नमाजाच्या आधी उठून खिडकीशी बसलो. तिथून खुराडं नाही, नुसतं अंगण दिसतं, आणि पहिले दोन दिवस तिथेच डोळा लागला. तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती खुराड्याकडून आली. शाल अंगाभोवती घट्ट, आणि पोटाशी काहीतरी मोठं धरलेलं. दोन अंड्यांना एवढी जागा लागत नाही. मी दारात गेलो तशी ती दचकली.

"इतक्या लवकर?" मी म्हणालो.

"पाणी बघायला गेले होते, बाबा. गोठलंय का ते."

"गोठलं होतं?"

"नाही."

ती माझ्या अंगावरून न जाता भिंतीच्या कडेने आत गेली. तिच्या अंगाला रॉकेलचा वास येत होता. नंतर तिने मला दोन अंडी दाखवली.

जैतून वेचायला बायका जातात, तिथे ती झाडाला टेकून झोपली, असं शेजारच्या देहबियाने मला हसत सांगितलं. "तुमची सून रात्री काय दळण दळते का?" म्हणाली. मी हसलो नाही.

मी मल्हाला सांगितलं की या कोंबड्या आता कापून टाकाव्यात, जव फुकट जातात. तर तिने माझा हात धरला. दोन वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, "येन्नायरपर्यंत थांबा बाबा. नव्या वर्षाला कापायच्याच असतात. तोपर्यंत थांबा." एवढी गयावया दोन अंड्यांसाठी कोणी करत नाही. तिला खुराड्यात जायला कारण हवं आहे, एवढं मला समजतं. कशासाठी ते समजत नाही.

मी येन्नायरपर्यंत थांबतो. तेव्हा लुनिस सुट्टीवर येईल. तोपर्यंत उलगडा झाला नाही, तर कोंबड्याही संपवीन आणि त्याला सांगेन की बायकोला तिच्या बापाकडे पोचव. ज्या घरात नजर चुकवून राहावं लागतं तिथे राहू नये.

बेलाईद

*

बिजाया, १५ डिसेंबर

बेलाईद भाऊजी,

देहबियाची बहीण इथे माझ्या गल्लीत दिली आहे, हे तुम्ही विसरलात. काल ती आली, चहा प्यायली, आणि जाताना उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "खाला, तुझ्या मेहुण्याच्या खुराड्यात पहाटे उजेड असतो. तास तास असतो. देहबिया गच्चीवरून बघते." आणि तोंडाला पदर लावला.

मी तिला म्हणाले, "देहबियाला सांग, गच्चीवर थंडी असते, कमरेला बाधेल." पण रात्रभर मला झोप आली नाही.

माझ्या बहिणीची चूल, माझ्या बहिणीचं खुराडं. तिच्या कबरीवरची माती अजून बसली नाही. तिथे पहाटे कोण कोणाला भेटतं ते मी विचारत नाही. भिंतीपलीकडे कोण राहतं तेही मला माहीत आहे. तुम्ही शिकलेले आहात. मी काय म्हणते ते समजून घ्या आणि लोकांच्या तोंडी जायच्या आत थांबवा.

शाबहा

*

आइत वझरू, २३ डिसेंबर

शाबहाताई,

तुम्ही काय म्हणता ते समजलं. भिंतीपलीकडे यमीनाचे दोन तरणे मुलगे राहतात. मी कोणाकडे बोट दाखवत नाही.

आज लुनिसला पत्र लिहिलं. तुम्ही लिहिलंत तेच लिहिलं, जास्त काही नाही. पेटीत टाकलं. दुपारी मल्हाने भाकरी आणि मसुराचं सूप वाढलं. मी तिच्याकडे बघितलं नाही. तिने विचारलं, "मीठ कमी आहे का बाबा?" मी नाही म्हणालो.

बेलाईद

*

आइत वझरू, २४ डिसेंबर

शाबहाताई,

हे पत्र आणि कालचं तुम्हाला एकदमच मिळतील. का ते पुढे लिहितो. आधी जे झालं ते सांगतो.

काल संध्याकाळपासून बर्फ पडायला लागलं. मला झोप लागेना. पत्र टाकून झालं होतं, तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. लुनिसने येऊन विचारलं असतं, "तुम्ही बघितलंत का बाबा?" तर मी काय सांगणार होतो? म्हणून पहाटे उठलो आणि काठी घेऊन अंगणात गेलो.

खुराड्याच्या फटींतून उजेड येत होता. बर्फावर पावलं उमटली होती. घरापासून खुराड्यापर्यंत. मी भिंतीच्या बाजूला जाऊन वाकून बघितलं. तिकडून एकही पाऊल आलेलं नव्हतं. मी पुन्हा बघितलं. एकाच माणसाची पावलं होती, लहान, मल्हाची.

मी दार ढकललं.

तुळईच्या हुकाला कंदील टांगलेला. खाली उलट्या पाटीवर मल्हा बसली होती, शाल डोक्यावरून घेऊन, आणि सगळ्या कोंबड्या खाली उतरून तिच्या पायांभोवती जव टिपत होत्या. बाहेर काळोख आणि आत त्यांचा सकाळचा गोंगाट चाललेला. मला बघून ती उभी राहिली आणि रडायलाच लागली.

"यम्माने शपथ घातली होती," म्हणाली. सासूला ती यम्मा म्हणायची. "तुम्हाला सांगू नको म्हणून."

"काय सांगू नको?"

"दिव्याचं. दिवस लहान झाला की कोंबडीला वाटतं वर्ष संपलं. तिला चौदा तास उजेड दाखवायचा. संध्याकाळी दिवा लावायचा नाही, विझला की त्या काळोखात खाली अडकतात, दांडीवर चढता येत नाही. पहाटेच लावायचा आणि उजाडेपर्यंत ठेवायचा. एक दिवस चुकवायचा नाही. अंजिरं वाळवून घरात घेतली की त्या दिवसापासून सुरू. पण यम्मा त्याच दिवसांत गेली. चाळीस दिवस मला इथे पाऊल टाकवेना. म्हणून उशीर झाला, बाबा. दिवा लावला तरी लगेच देत नाहीत, पाच-सहा आठवडे जातात. तुम्ही मध्येच कापल्या असत्या."

"मला का सांगायचं नव्हतं?"

तिने शालीने डोळे पुसले. मग हळूच म्हणाली, "तुम्ही हसला होतात म्हणे."

मला आठवायला वेळ लागला, पण आठवलं. लग्नाला तीन-चार वर्षं झाली असतील. जुहेरने तेल मागितलं होतं, खुराड्यात दिवा लावायला. ओट्यावर माणसं बसली होती. मी त्यांच्या देखत म्हणालो, "कोंबड्यांना दिवा? वर्तमानपत्र वाचायला बसवतेस की काय?" सगळे हसले. ती आत गेली. पुन्हा कधी तिने तेल मागितलं नाही.

मी वर बघितलं, ताई. हुकाच्या वर तुळईवर काजळीचं वर्तुळ आहे. ताटाएवढं, जाड, बोट लावलं तर बोट बुडतं. ते एका हिवाळ्याचं नाही. वीस हिवाळे ती माझ्या बहिऱ्या कानाच्या बाजूने उठून गेली, आणि मी ओट्यावर बसून सगळ्यांना सांगत राहिलो की खुराडं दक्षिणेला तोंड करून बांधलंय.

मल्हा शालीखाली कंदील आणत होती. पोटाशी धरलेला तो. तेल त्यातच जात होतं. अंडं एकही कुठे गेलं नाही. आज पाच आहेत.

मी तिला काही बोललो नाही. पत्राचं तर नाहीच. उजाडल्यावर टपाल कचेरीत गेलो.

माझ्या जागी आता मेझियान आहे. त्याला काम मीच शिकवलं. घाट बर्फाने बंद, त्यामुळे थैली तिथेच कोपऱ्यात पडलेली होती.

"मेझियान, काल मी हस्सी मसऊदचं एक पत्र टाकलं. ते परत दे."

तो हसला. "दा बेलाईद, परीक्षा घेताय का माझी?"

"नाही. ते जाता कामा नये."

त्याचं हसू गेलं. "पेटीत पडलेलं पत्र कोणाचं?" त्याने विचारलं. हा प्रश्न मी त्याला पहिल्या दिवशी विचारला होता. "लिहिणाऱ्याचं नाही. वर ज्याचं नाव आहे त्याचं. तुम्हीच सांगितलंत."

"थैली तीन हातांवर आहे."

"त्या बाईला दिलं होतंत का तुम्ही? ती इथे जमिनीवर बसून रडली होती, आठवतं? मुलाला शिव्या लिहिल्या होत्या तिने, रागात. तेव्हाही थैली तीन हातांवर होती."

मी दिलं नव्हतं. घरी जाऊन जुहेरला मी ते अभिमानाने सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "द्यायचं होतंत."

मी वळलो, तेव्हा त्याने हाक मारली. "दा बेलाईद. थैलीला लाख अजून लावलेली नाही. दुसरं लिहा. दोन्ही एकाच दोऱ्यात बांधतो, दुसरं वर. एवढं नियमात बसतं."

मी तिथेच उभा राहून लिहिलं. अक्षर वाईट आलं. पाकिटावर नावाच्या खाली लिहिलं: हे आधी वाच. दुसरं फोडू नकोस, परत आण. आत दिव्याचं लिहिलं.

आता तो कोणतं आधी उचलतो ते माझ्या हातात नाही. दोरा सुटला, वाटेत कोणी गठ्ठा विसकटला, तर कालचं आधी फोडेल. आणि एकदा वाचलेलं माणूस विसरत नाही.

तुम्हाला दोष देत नाही. पत्र मी लिहिलं.

बेलाईद

*

बिजाया, ४ जानेवारी १९७५

बेलाईद भाऊजी,

घाट उघडला आणि तुमची दोन्ही पत्रं काल आली. मी दुसरं तीनदा वाचलं. मग माझं मलाच तोंड धुवावंसं वाटलं.

आता माझं ऐका. मी मल्हाबद्दल लिहिलंच नव्हतं. मला वाटलं, खुराड्यात तुम्ही जाता. भिंतीपलीकडची यमीना विधवा आहे, तिच्या हाताचा कुसकुस गावात नावाजलेला आहे, आणि पुरुष वर्षभर थांबत नाहीत हे मी माझ्याच भावाकडे पाहिलंय. तुमचं नाव घेऊन लिहायची लाज वाटली म्हणून आडून लिहिलं. तुम्ही ते पोरीवर घेतलंत. हसा आता. मला तर हसूही येत नाही.

याहून वाईट पुढे आहे. उजेड म्हटल्याबरोबर मला कळायला हवं होतं. तो दिवा आमच्या आईचा. लहानपणी आळीपाळीने आम्ही दोघी पहाटे खुराड्यात बसायचो, आणि जुहेर कोंबड्यांना गोष्टी सांगायची. शपथ घातलेली गोष्ट तीच होती. तरी देहबियाची बहीण "उजेड" म्हणाली, तेव्हा माझ्या मनात दिवा आलाच नाही, पाप आलं. मला वाटत होतं दिवा माझ्या बहिणीबरोबर गेला. दुसरं कोणी तिच्यासाठी पहाटे उठेल हे मला मान्यच नव्हतं. शहरातली पोर तर नाहीच.

लुनिसने कोणतं आधी फोडलं ते कळवा. आणि कंदिलाची काच रोज पुसायला सांगा तिला. काजळी धरली की अर्धा उजेड काचेतच राहतो.

शाबहा

*

आइत वझरू, १४ जानेवारी

शाबहाताई,

लुनिस दहा तारखेला आला. बर्फातून चालत, पाठीवर पिशवी. मी ओट्यावर होतो. त्याने माझ्या डोक्याचं चुंबन घेतलं, आणि मल्हा बाहेर यायच्या आत कोटातून पाकीट काढून माझ्या हातात दिलं. चिकटवलेलं होतं. मी उलटसुलट करून बघितलं, कडा बघितल्या. तीस वर्षं पाकिटं हाताळली, उघडून चिकटवलेलं मला कळतं. ते उघडलेलं नव्हतं.

"काय आहे यात?" त्याने विचारलं.

"माझी चूक आहे."

"मोठी?"

"हो."

"मग ठेवा तुमच्याकडे," म्हणाला आणि आत गेला.

बारा तारखेला येन्नायर केला. माणशी एक पक्षी, पुरुषाला कोंबडा, बाईला कोंबडी. आदल्या दिवशी मी चार पक्षी पाय बांधून ठेवले. दोन कोंबडे, दोन कोंबड्या. मल्हाने बघितलं. खाली बसून एका कोंबडीचा दोरा सोडला आणि तिला अंगणात जाऊ दिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी जुहेरलाही मोजलं होतं.

कुसकुसावर अंडी उकडून ठेवली, पाच. लुनिस म्हणाला, "थंडीत एवढी अंडी? खुराडं दक्षिणेला तोंड करून बांधलंय म्हणून ना, बाबा?" मल्हाने मान खाली घातली. मी त्याला म्हणालो, "नाही. तुझ्या आईमुळे, आणि आता हिच्यामुळे."

काल पहाटे मी उठलो. आता डाव्या कुशीवर झोपत नाही. मल्हा चुलीशी कंदील पेटवायला बसली होती, काड्यांची पेटी ओली झाली होती, निखाऱ्यावरून जाळ घ्यायला कागद शोधत होती. मी कोटाच्या खिशातून ते पाकीट काढून तिला दिलं.

तिने वरचं नाव वाचलं. "हे तर लुनिसचं पत्र आहे. बंद आहे. वाचलं नाही कोणी?"

"नाही."

"महत्त्वाचं असेल, बाबा."

"कोंबड्यांबद्दल आहे," मी म्हणालो. "त्यांना वाचायचं असेल तर दिव्याखाली वाचतील."

ती हसली. जुहेरने तिला ती गोष्ट सांगितलेली असणार. मग तिने कागद निखाऱ्याला लावला, कंदील पेटवला, काच पुसून बसवली आणि माझ्याकडे दिला. मी पुढे झालो. ती मागून जव घेऊन आली.

गुरुवारी बस सुरू होते आहे. टोपलीत कोंडा भरून ठेवला आहे. दहा अंडी आहेत. ती मल्हाने ठेवली आहेत, माझा हात लागू दिला नाही.

बेलाईद